तुज्या सरगात जागा हाय का?

सांगली,
९ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
मल्हारचा सलाम.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तो मीच कानाला धरला होता. तू तीन वेळा म्हणालीस, "मल्हार, बोल की रं." मग तुझ्या भावजयीनं, लीलानं, फोन घेतला आणि माझा घसा बसलाय असं सांगितलं. अक्का, घसा बसलेला नाही. डिसेंबरात माझ्या जिभेचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. जीभ जवळजवळ सगळीच काढली. बोलणं आता होणार नाही. तुझ्या बटनाच्या फोनवर मराठी मेसेज पाठवला की नुसते चौकोन दिसतात, म्हणून पत्र लिहितोय. तू चौथीपर्यंत शिकलीस ते आता उपयोगाला आलं.

दारू मी बावीस वर्षांपूर्वी सोडली, बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी. तंबाखू तेवढी राहिली. हळदीच्या गोदामात पोती शिवायचो तेव्हा हातात दाभण आणि गालात तंबाखू. सगळेच तसे. कुणाला दोष देत नाही.

तू घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, सगळं साफ निघालं. नाकातून नळी घातलीय, लीला तिच्यातून नाचणीची पातळ पेज सोडते. लाळ गळते म्हणून गळ्यात टॉवेल असतो. सकाळी अंगण झाडतो. शनिवारी चर्च झाडायला जातो, ते काम मी कुणाला दिलेलं नाही. पूर्वी बाकं पुसताना गाणी म्हणायचो, आता नुसतीच पुसतो.

आमचे पाळकसाहेब सांगतात, हात कामात असू दे, पण नजर अनंतकाळावर ठेव. मी तसंच करतो. म्हणजे असं बघ, माणूस स्टँडवर एसटीची वाट बघत बसतो. बाकडं मोडकं असलं म्हणून तो रडत नाही, कारण त्याला घरी जायचं असतं. तसंच हे. त्यामुळं मला दुःख नाही.

आईला यातलं किती सांगायचं ते तू ठरव. थोरला दादा माझं नाव काढतो का?

तुझा,
मल्हार

*

वस्तीवरनं, वडूज
२८ जानेवारी

चि. मल्हारला अक्काचा आशीर्वाद.

पोस्टमन आला तवा मी शेरडांला पाला टाकत हुते. उभ्या उभ्या वाचलं आन तितंच खाली बसले. एवढं झालं आन घसा बसला म्हणून सांगता व्हय रं? लीलाला माजा राग हाय म्हणून सांग. न्हाई, सांगू नगंस. ती तरी काय करंल.

आईला एवढंच सांगितलं की तोंडात फोड आल्ती, ती कापली. ती म्हणली, "मिठाच्या गुळण्या कर म्हणावं." तिला डोळ्यांनी आता उजेड आन अंधार तेवढा कळतो. दिसभर दारात बसून जुंधळा निवडती. हातानंच. पन एक खडा सुटत न्हाई तिच्या बोटातनं.

भाऊसो तुजं नाव काढत न्हाई. पन पत्र आल्याचं सांगितलं तवा त्यो जेवत हुता, हात थांबवून म्हणला, "जगंल का?" मी व्हय म्हणले. मग पुढचा घास घेतला.

तू स्टँडाचं लिवलंस ते दोनदा वाचलं. तुजं बरं हाय बाबा, तुला बसायला बाकडं तरी हाय. मला उठलं की शेण काढावं लागतं. टँकर आला की हंडं घिऊन पळावं लागतं. आईला न्हाऊ घालावं लागतं. घरधनी गेल्यावर म्हायेरी आले ती चौदा वर्सं हेच करतीया. अनंतकाळाकडं कवा बगायचं, सांग. मान वर केली तर हंडा पडतो.

बिरोबाला तुज्यासाठी नवस बोललेय. भंडाऱ्याची पुडी पत्रात घातलीय. बावीस वर्सं तू कपाळाला लावला न्हाईस. एक डाव लाव, माज्यासाठी.

आन एक इचारते, राग धरू नगंस. बा तुला घरात घेईना तवा आई एकटी एसटीनं सांगलीला आल्ती, तुमच्या चर्चात पदर घिऊन मागं बसली हुती. घरी आल्यावर मला म्हणली, "त्येच्या देवाला वारा घालायला पंखं लय हायती." आमी हासलो. पन तवापासनं माज्या मनात एक हाय. तुज्या सरगात आमाला जागा हाय का? आईला? मला? का तितं बी तू एकटाच ऱ्हाणार, सांगलीवानी?

तुजी अक्का,
हरणा

*

सांगली,
१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सलाम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी दोन दिवस उपास करून प्रार्थना केली आणि मग लिहायला बसलो. तू सरळ विचारलंस, तर मलाही सरळच लिहिलं पाहिजे. गोड बोलून तुला फसवलं तर ते प्रेम नव्हे.

भंडाऱ्याची पुडी याच पाकिटातून परत पाठवतोय. मन दुखवायचं नाही, पण मला ती लावता येत नाही आणि टाकूनही देववत नाही.

तू विचारलंस, आम्हाला जागा आहे का. अक्का, आमच्या विश्वासाप्रमाणं ख्रिस्तावाचून तिथं जायला दुसरी वाट नाही. जो त्याला आपला म्हणत नाही त्याला तिथं जागा नाही. आईलाही नाही. हे लिहायच्या आधी दोन कागद फाडले, पण खोटं लिहून काय उपयोग? इथली पाच-पन्नास वर्षं कशीही निघतात. पुढचं कायमचं आहे.

अजून वेळ आहे. आईच्या कानात त्याचं नाव सांग. मी आलो असतो, पण मला तोंड नाही. तू माझं तोंड हो. एवढं एकच मागतो.

माझी प्रकृती उत्तम. वजन थोडं वाढलंय. काळजी करू नये.

तुझा,
मल्हार

*

वडूज
२ एप्रिल

मल्हार,

आई गेली. सतरा मार्चला, दुपारचं. तेरावं बी झालं. तुला कळवलं न्हाई. भाऊसो नगं म्हणला आन मी ऐकलं.

तुजं पत्र मी तिला वाचून दावलं हुतं. सगळं. जागा न्हाई ते बी. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणली, "मंजी मल्हार आन मी आता कवाच एका जागी न्हाई व्हय गं?" त्यानंतर ती नीट जेवली न्हाई. तीन दिसांनी गेली.

तुज्या देवाचं नाव मी तिच्या कानात सांगितलं न्हाई. तू इचारशील म्हणून लिवलं.

आता पत्र धाडू नगंस.

हरणा

*

सांगली,
११ मे

ती. अक्का,

धाडू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. वाचायचं नसेल तर चुलीत घाल.

तुझं पत्र पोस्टमननं चर्चच्या दारात दिलं, शनिवार होता. पायरीवर बसून वाचलं. झाडू तसाच आत पडला होता. दुपारपर्यंत कुणीतरी मला घरी आणून सोडलं, कुणी ते आठवत नाही.

पाळकसाहेबांना पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मल्हारराव, तुम्ही सत्य लिहिलंत. सत्यानं जे दुखतं ते देव बघेल." मग त्यांना एका घरी बारशाच्या प्रार्थनेला जायचं होतं, ते गेले. माणूस वाईट नाही. दवाखान्यात रोज यायचे. पण मी पाटीवर लिहून विचारलं होतं, "आई आता कुठं आहे?", आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. लीला म्हणाली, "माझी आई ख्रिस्तीच होती. मला हा प्रश्न कधी पडलाच नाही हो." आणि रडायला लागली.

अक्का, पूर्वी अनंतकाळ म्हटलं की मला उजेड दिसायचा. नळीतून पेज जाताना मळमळायचं, तेव्हा तिकडं बघितलं की बरं वाटायचं. आता तिकडं बघितलं की आई दाराबाहेर बसलेली दिसते. डोळे नाहीत तिला. आत कोण आहे ते तिला दिसत नाही आणि मी आतून हाक मारू शकत नाही. मी डोळे मिटून प्रार्थनेला बसतो आणि उघडतो.

एक तुझ्यापासून लपवलं होतं. फेब्रुवारीत ते पत्र लिहिलं तेव्हाच मानेत गाठ आली होती. प्रकृती उत्तम हे खोटं होतं. एवढं सत्य सत्य करून तुला उपदेश केला, आणि त्याच कागदावर खोटं लिहिलं. डॉक्टर पुन्हा कापायचं म्हणतात. मी नको म्हणालो. दिवाळी बघेन असं वाटत नाही.

मला एकदा यायचं आहे. आईला माती दिली ती जागा दाखव. घरात घेतलं नाही तरी चालेल.

मल्हार

*

वडूज
३० मे

चि. मल्हार,

ये.

पत्र धाडू नगंस म्हणले खरी, पन पोस्टमनची सायकल वाजली की बाहीर यायची रोज.

पुढल्या आठवड्यात भाऊसो मेंढरं घिऊन लांबच्या माळाला जाणार हाय. मंगळवारी ये. लीलाला संगं आण, एकटा येऊ नगंस. विट्याला गाडी बदलावी लागंल. ऊन लय हाय, डोक्याला फडकं बांध.

मला बी तुला कायतरी सांगायचंय. समोर बसून सांगंन. कागदावर न्हाई जमत.

अक्का

*

सांगली,
२४ जून

ती. अक्कास,

आम्ही नीट पोचलो. त्यानंतर आठ दिवस ताप होता म्हणून लिहायला उशीर झाला.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगतो. लिंबाखाली आईची जागा दाखवलीस आणि मला तिथंच बसवून तू आणि लीला पेज करायला घरात गेलात. तेव्हा दादा आला. माळावरून मधूनच परत आला होता. त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

माझ्यापासून चार हातांवर उकिडवा बसला. म्हणाला, "आलास व्हय."

मी मान हलवली. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं नजर खाली केली. मग मातीकडं बघतच बोलला, "बा हट्टी हुता. त्यानं तुला येऊ दिलं न्हाई. पन त्यो गेल्यावर मी कवा तुला नगं म्हणलो? तूच आला न्हाईस. बाचं दार त्याच्यासंगं गेलं. तुजं पत्र हरणानं मला सांगितलं. आईला मात्र तू दार लावलंस, मल्हार. आंधळ्या बाईला."

मी पाटी काढली. लिहिलं, "आई कुठं आहे मला माहीत नाही. मी ते सांगायला नको होतं. चुकलो, दादा." आणि पाटी त्याच्यापुढं धरली.

अक्का, दादा शाळेत गेलेला नाही हे मी विसरलो होतो. त्यानं पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय लिवलंस ह्ये? मला काय कळतंय?" म्हणाला. मी बोलायला गेलो. जो आवाज निघाला तो मेंढरू काट्यात अडकल्यावर काढतं तसा होता. मी पुन्हा काढला. दादा उठून जवळ आला. "ऱ्हाऊ दे," म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाबा." खांद्यावरच्या पंच्यानं माझ्या हनुवटीची लाळ पुसली. आणि मेंढरांमागं निघून गेला. तुम्ही पेज घेऊन आलात तेव्हा पाटी मी पिशवीत घातली होती.

पाटीवर काय होतं ते त्याला सांगशील?

शनिवारी अजून चर्चला जातो. आता बसून झाडतो, सरकत सरकत. कशासाठी झाडतो असं तू विचारलंस तर सांगता येणार नाही. सवय म्हण. मेल्यावर काय, याबद्दल आता मी कुणाला काही लिहून देत नाही. काही जण येतात, त्यांना वाटतं मरणाच्या दारातल्या माणसाला जास्त दिसत असेल. मी पाटी पालथी ठेवतो.

तू मला समोर बसून काहीतरी सांगणार होतीस. आम्ही निघेपर्यंत तू नुसती चुलीकडं बघत होतीस. काय होतं?

मल्हार

*

वडूज
२६ जुलै

चि. मल्हारला अक्काचा आशीर्वाद.

महिना झाला, रोज लिवायला बसते आन उठते. आज लिवूनच उठणार.

पाटीवरचं भाऊसोला सांगितलं. त्यो म्हणला, "मला तवाच कळलं हुतं." आन मेंढराची लोकर कातरत बसला. दुपारी जेवायला आला न्हाई.

आता माजं ऐक. आईला मी तुजं त्ये पत्र वाचून दावलंच न्हाई. एक अक्षर न्हाई. तिला पत्र आलेलंच ठावं न्हवतं. "मल्हार आन मी कवाच एका जागी न्हाई व्हय गं" हे ती म्हणली न्हाई. ते मी म्हणले. तुजं पत्र वाचून मी गोठ्यात बसले हुते, तवा माज्याच तोंडातनं आलं. मल्हार आन मी. तुला लागावं म्हणून मी ते आईच्या तोंडी घातलं.

आईनं जेवण सोडलं न्हवतं. गेली त्या दिशी सकाळी दीड भाकरी खाल्ली. म्हणली, "औंदाची नाचणी चांगली हाय, मल्हारला धाडा दोन पायली." दुपारी सूप मांडीवर हुतं, मान कलंडली. तिला कसलं दुखणं न्हाई, दुःख न्हाई. तुज्या देवाच्या दाराचं तिला काय बी ठावं न्हवतं. तुजं नाव घिऊन हासत गेली म्हण.

आई गेली आन तू पुडी परत धाडलेली, आन जागा न्हाई म्हणून लिवलेलं. माजं डोस्कं फिरलं. तुला हितनं हाणता येईना, म्हणून असं हाणलं. तू आल्यावर सांगणार हुते. तुजं तोंड बगितलं आन धीर झाला न्हाई. आता ह्या माणसाला आनि काय सांगायचं, असं वाटलं. ते चुकलं माजं. तवाच सांगाय पायजे हुतं. फोनवर लीलाला सांगायची लाज वाटती, म्हणून लिवते.

तू आईला दार लावलं न्हाईस. ऐकतोस का? तू न्हाई लावलंस. हे पत्र पोचलं की लीलाला मला फोन लावायला सांग. तू नुसता फोन धर. मी समजंन.

तुजी अक्का

*

सांगली,
२२ ऑगस्ट

ती. हरणाअक्कांस,
लीलाचा सलाम.

एकोणतीस जुलैला सकाळी ते गेले. तुम्ही आणि भाऊसोदादा मातीला आलात. आमच्या कब्रस्तानात कसं उभं राहायचं ते दादांना कळेना, म्हणून ते फाटकाबाहेर पायताण काढून उभे राहिले, हे सगळ्यांनी बघितलं. तुम्ही माझ्या जवळ येऊन हळूच विचारलंत, "पत्र पोचलं का?" मी विचारलं, "कुठलं पत्र?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई."

पत्र दोन ऑगस्टला आलं. पाकिटावर त्यांचं नाव होतं. मी फोडलं.

अक्का, तुमच्यावर राग आहे की नाही ते मला नीट सांगता येत नाही. दोन-तीन दिवस खूप होता. तुम्ही मला फोनवर सांगितलं असतं तर मी त्यांच्या कानात सांगितलं असतं, मी काय तुम्हाला खाल्लं असतं? मग आठवलं, त्यांचा घसा बसलाय असं तुम्हाला मीच सांगितलं होतं. आपण सगळेच एकमेकांना जपायला किंवा दुखवायला काहीबाही सांगत राहिलो.

तुम्ही विचारणार नाही, पण शेवट कसा झाला ते तुम्हाला कळायला हवं. इथं सगळ्यांना मी सांगितलं की शांतपणे गेले. तसं झालं नाही.

शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. ह्यांना थेंबभर गिळता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी कापसाचा बोळा द्राक्षरसात भिजवून ओठाला लावला. ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. साहेबांना वाटलं, जखमेला झोंबलं असेल. त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. बावीस वर्षांत ह्यांनी एकदाही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. पुराच्या वर्षी गुडघाभर पाण्यातून गेले होते. मला कळलं की ते झोंबणं नव्हतं. मी जवळ बसून विचारलं, "काय झालं?" त्यांनी वही मागितली. अक्षरं ओळीवर राहत नव्हती. लिहिलं:

"लीला, मला तिथं आईशिवाय करमणार नाही. मला नेऊ नका म्हणावं."

मी म्हटलं, "असं लिहू नका हो, खोडा ते." त्यांनी खोडलं नाही. मी पेन्सिल त्यांच्या हातात पुन्हा दिली, त्यांनी ती सोडून दिली. त्यानंतर चार दिवस काही लिहिलं नाही. मी रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायचे, पूर्वी शेवटी ते माझा हात दाबायचे. त्या चार दिवसांत दाबला नाही.

मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपला बंधू मल्हार विश्वासात झोपला." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी पण म्हटलं. वही माझ्या पिशवीत होती.

गोदामात आता मी जाते, बायकांबरोबर हळकुंडं निवडायला. दिवस जातो. संध्याकाळी घरी आले की त्या पानाची आठवण होते. पाळकसाहेबांना दाखवलं तर ते काय म्हणतील याची भीती वाटते, आणि काहीच बोलले नाहीत तर त्याची जास्त. माझा विश्वास गेलेला नाही. पण मी कशासाठी मागू, सांगा. त्यांना आत घे म्हणून मागितलं तर त्यांच्या मनाविरुद्ध होतं. घेऊ नको म्हणून मला मागता येत नाही.

ते पान वहीतून काढून या पत्रात घातलंय. जाळायला हात होत नाही आणि घरात ते असलं की मला गुडघे टेकता येत नाहीत. तुमच्यापाशी राहू दे. तुम्हाला त्यांचं अक्षर लागेल.

आपली,
लीला